जर्मन पडद्यावरचं टेक्नो आणि नशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन चित्रपटांवर बोलायला बसलं की बर्लिनचे क्लब आणि तिथल्या गोळ्या हा विषय निघतोच, आणि प्रश्नही तेच ते येतात. काही फिल्म सोसायटीतल्या मंडळींचे, काही शिकायला जर्मनीला निघालेल्या मुलामुलींचे, दोन-चार त्यांच्या आईवडिलांचे. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे खाली. बऱ्याच ठिकाणी कथानक उघड केलं आहे, तेव्हा शेवट आधी कळलेला चालत नसेल त्यांनी चित्रपट पाहून मग यावं.

१. टेक्नो म्हणजे नक्की काय? मिरवणुकीत डीजे वाजवतो तेच का?

नाही. टेक्नो हे यंत्रांवर रचलेलं, बहुतेक वेळा शब्द नसलेलं नाचाचं संगीत. मिनिटाला साधारण १२० ते १५० ठोके, सम सरळ आणि न थांबणारी, आणि त्यावर आवाजाचे बारीक बदल हळूहळू चढत-उतरत राहतात. त्याचा जन्म जर्मनीत झाला नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी ते घडवलं. त्यांच्या कानावर क्राफ्टवेर्क या ड्युसेलडोर्फच्या जर्मन बँडचं संगीत पडलेलं होतं, एवढाच जर्मनीचा सुरुवातीचा वाटा. पुढे हे संगीत बर्लिनला आलं आणि तिथलंच होऊन बसलं.

२. मग बर्लिनच का? म्युनिक किंवा हॅम्बुर्ग का नाही?

जागा, वेळ आणि गोंधळ या तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्या म्हणून. ९ नोव्हेंबर १९८९ला बर्लिनची भिंत उघडली आणि पूर्व बर्लिनच्या मध्यात शेकडो इमारती मालकाविना पडून राहिल्या: कारखाने, वीजकेंद्रं, तळघरं, बंकर. कोणती जागा कुणाची हे ठरायला वर्षं जाणार होती. तेवढ्या काळात तरुणांनी कुलपं काढली, जनरेटर लावले आणि भिंती हलतील इतके मोठे स्पीकर आत नेले. मार्च १९९१मध्ये दिमित्री हेगेमान आणि सोबत्यांनी वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात 'ट्रेझोर' उघडला. लोखंडी गजांमागे डीजे आणि गंजलेल्या लॉकरांच्या रांगा, असा तो थाट.

वेळेचं म्हणाल तर पश्चिम बर्लिनमध्ये हॉटेलं-बार रात्री बंद करण्याची सक्ती १९४९मध्येच उठली होती. त्यामुळे शनिवारी रात्री सुरू झालेली पार्टी सोमवारी सकाळपर्यंत चालली तरी कायद्याची आडकाठी नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण चित्रपटांतली नशा या लांबलेल्या वेळेशी जोडलेली आहे. छत्तीस तास जागं राहणं हे शरीराच्या स्वभावात नाही.

म्युनिक-हॅम्बुर्गचं सोडा, फ्रँकफुर्टवर मात्र अन्याय होतो. विमानतळाच्या इमारतीतला 'डोरियान ग्रे' आणि शहरातला 'ओमेन' हे क्लब त्या काळात बर्लिनच्या तोडीस तोड होते. पण चित्रपट निर्मात्यांना पडकी भिंत जास्त भावते.

३. एकच चित्रपट पाहायचा असेल तर कुठला?

हान्नेस श्टोर यांचा 'बर्लिन कॉलिंग' (२००८). हा सर्वोत्तम आहे असं मी म्हणणार नाही (माझा आवडता प्रश्न १२मध्ये आहे), पण दार इथूनच उघडतं.

इकारुस नावाचा डीजे-संगीतकार. मैत्रीण माथिल्डे हीच त्याची व्यवस्थापक. नवा अल्बम येऊ घातलाय, दर आठवड्याला वेगळ्या शहरात कार्यक्रम, आणि त्या गतीला टिकण्यासाठी हाती लागेल ते तोंडात टाकायची सवय. एकदा भलतीच गोळी पोटात जाते, भान सुटतं आणि तो मनोरुग्णालयात दाखल होतो. कोरिना हारफूख यांनी तिथल्या डॉक्टर बाई रंगवल्या आहेत: शांत, कोरड्या, आणि या माणसाच्या प्रसिद्धीनं अजिबात न दिपलेल्या. मग रुग्णालयातल्या खोलीत लॅपटॉपवर अल्बम तयार होत राहतो, आणि पथ्यं मोडली जात राहतात.

इकारुसची भूमिका पाउल काल्कब्रेनर यानं केली आहे. तो मुळात नट नाही, खराखुरा टेक्नो संगीतकार आहे, आणि चित्रपटाचं संगीतही त्याचंच. म्हणून वाद्यांसमोर बसलेल्या इकारुसच्या हालचाली कुठेही खोट्या वाटत नाहीत. भाऊ फ्रित्सच्या आवाजातलं 'स्काय अँड सँड' हे गाणं जर्मनीतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे टिकलं. बर्लिनच्या एका छोट्या चित्रपटगृहात तर हा चित्रपट वर्षानुवर्षं चालू होता.

तो चांगला का, तर त्यात डीजे हा कामकरी माणूस आहे. करार, मुदती, रेकॉर्ड कंपनीच्या बाईंची नाराजी, पाद्री असलेल्या वडिलांकडचं जेवणाचं टेबल हे सगळं त्यात येतं. नशा या रोजच्या व्यवहारात मिसळलेली दिसते.

४. 'क्रिस्टियाने एफ.' हा टेक्नोचा चित्रपट आहे ना? सगळ्या याद्यांमध्ये असतो.

नाही, आणि याद्या करणाऱ्यांनी हा घोळ आता थांबवायला हवा. उली एडेल यांचा हा चित्रपट १९८१चा. गोष्ट त्याच्याही आधीची, १९७०च्या दशकातल्या पश्चिम बर्लिनची. तेव्हा टेक्नो जन्माला यायचं होतं. चित्रपटात संगीत आहे डेव्हिड बोवीचं, डिस्कोथेक आहे गेंथिनर रस्त्यावरचा 'साउंड', आणि नशा आहे हेरॉइनची, म्हणजे ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ज्याच्या एका रूपाला आपण गर्द म्हणत होतो त्याची.

तरीही तो पाहिल्याशिवाय पुढचे चित्रपट नीट कळत नाहीत. ग्रोपिउसश्टाट या उंच इमारतींच्या वसाहतीतली तेरा वर्षांची मुलगी डिस्कोत जाते, आवडत्या मुलाच्या मागोमाग हेरॉइनपर्यंत पोचते, आणि मग प्राणिसंग्रहालयाजवळच्या रेल्वे स्थानकावर देहविक्री करते. मुख्य भूमिकेतली नाट्या ब्रुंकहोर्स्ट स्वतःही त्या वेळी शाळकरी वयाची होती. दिव्यांचा पिवळा-हिरवा रंग, स्वच्छतागृहाच्या फरश्या, उलट्या. प्रेक्षकाला कुठेही सुटका नाही. नशा म्हणजे उतरता जिना हा साचा जर्मन पडद्यावर या चित्रपटानं पक्का केला, आणि नंतरच्या प्रत्येक दिग्दर्शकाला तो साचा वापरायचा की मोडायचा हे ठरवावं लागलं.

जाता जाता: चित्रपटातली बोवीची मैफल बर्लिनमधली नाही. तो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नाटकात काम करत होता, म्हणून त्याचं चित्रण तिकडेच झालं.

५. मग त्याच गोष्टीवरच्या २०२१च्या मालिकेत टेक्नोसारखं संगीत का वाजतं?

मुद्दाम. अ‍ॅमेझॉनच्या त्या आठ भागांच्या मालिकेनं काळ धूसर ठेवला. कपडे धड सत्तरचे नाहीत, धड आजचे नाहीत, आणि डिस्को एखाद्या स्वप्नमहालासारखा. मुलं तिथे का ओढली जातात हे दाखवायचं होतं हा बचाव मला अर्धाच पटतो. ओढ कळते, पण आठ भाग चेहरे इतके नितळ राहतात की शरीरावरचा परिणाम दिसेनासा होतो. मालिका आधी पाहिली असेल तर जुना चित्रपट लगेच पाहू नका, जड जाईल.

६. प्रत्येक क्लब-चित्रपटात ड्रग्ज असायलाच हवेत का? नुसतं संगीत दाखवता येत नाही?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचाही.

नाचणाऱ्या माणसाला गोष्ट नसते. कुणी रात्री एकला आत गेलं, नऊ तास नाचलं, सकाळी बाहेर पडून ट्रॅम पकडून घरी गेलं. त्याच्या दृष्टीनं ती वर्षातली सर्वांत मोठी रात्र असेल, पण पटकथाकाराच्या वहीत त्या रात्री काहीही घडलेलं नाही. पटकथेला अडथळा लागतो, निर्णय लागतो, परिणाम लागतो. गोळी हे सगळं आयतं आणून देते: घ्यायची की नाही, कुणाकडून घ्यायची, घेतल्यावर काय झालं, पैसे कुणाचे बुडाले. त्यामुळे प्रत्यक्ष क्लबात नशेला जितकी जागा असते त्याच्या कितीतरी पट जागा तिला पडद्यावर मिळते. क्लबात नशा असतेच, खूप असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे न घेता नाचणारेही असतात, आणि ते चित्रपटात औषधालाही सापडत नाहीत.

दुसरं कारण तांत्रिक. टेक्नोचा परिणाम वेळेतून होतो. दोन मिनिटं ऐकून तो काही पोचत नाही, तासभर तेच चक्र ऐकल्यावर एक छोटा बदल अंगावर येतो. चित्रपटाला तो तास देणं परवडत नाही. मग दिग्दर्शक आडवाट घेतो: बाहुल्या विस्फारलेले डोळे, धूसर कॅमेरा, मंदगती. संगीतानं जे करायला हवं ते रसायनाच्या नावावर उरकलं जातं.

म्हणून मी एक कसोटी लावतो: चित्रपट सोमवार दाखवतो का? म्हणजे दिवे लागल्यावर, ट्रॅममध्ये, कामाच्या टेबलावर, डॉक्टरसमोर काय होतं ते. जे दाखवतात ते बहुतेक चांगले निघतात. खाली बऱ्याच उत्तरांत ही कसोटी पुन्हा येईल.

७. चित्रपटात कोण काय घेतंय ते कळत नाही. काही ढोबळ ओळख?

पडद्यापुरतं सांगतो. हेरॉइन हे रेल्वे स्थानकाचं, एकटेपणाचं. टेक्नो चित्रपटांत ते फार कमी दिसतं. एक्स्टसी म्हणजे एमडीएमएची गोळी, नव्वदच्या दशकातल्या कथांची मुख्य नशा: मिठ्या, अनोळखी माणसाशी जन्माची मैत्री, आणि दोन दिवसांनी आलेलं रितेपण. स्पीड म्हणजे अ‍ॅम्फेटामाइन, स्वस्त, जागं ठेवणारं. कोकेन पडद्यावर आलं की समजावं, आता पैसा किंवा गुन्हेगार येणार. केटामाइन गेल्या काही वर्षांतल्या चित्रपटांत वाढलं आहे, त्यात पात्रं जागच्या जागी विरघळल्यासारखी होतात.

हे चित्रपटांचे संकेत आहेत. प्रत्यक्षात लोक मिसळून घेतात, आणि पुडीत काय आहे ते घेणाऱ्यालाही माहीत नसतं. 'बर्लिन कॉलिंग'चं कथानक नेमकं यावर उभं आहे.

८. शूटिंगच्या वेळी नट खरंच घेतात का?

पांढरी पूड म्हणून निरुपद्रवी जीवनसत्त्वाची किंवा दुधातल्या साखरेची पूड वापरायची पद्धत जगभर आहे. गोळ्याही तशाच.

९. बेर्गहाइन आतून दाखवलेला चित्रपट कुठला?

बेर्गहाइनची शनिवारची रात्र जशी असते तशी दाखवणारा कथापट शोधायला जाऊ नका. २००४मध्ये जुन्या वीजकेंद्रात सुरू झालेल्या या क्लबात छायाचित्रणाला बंदी आहे. दारावरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. आतला माणूस उद्या बँकेत कामाला जाणार असतो, त्याला तिथे मोकळं राहता यावं हा त्यामागचा विचार.

म्हणून चित्रपटातले क्लब एकतर बांधलेले असतात, नाहीतर दुसरीकडचे, नाहीतर आता बंद पडलेले. 'बर्लिन कॉलिंग'मध्ये श्प्रे नदीकाठचा 'बार २५' दिसतो. तो २०१०मध्ये बंद झाला. त्याच्यावर २०१२चा स्वतंत्र माहितीपटही आहे. दाराबाहेरची बाजू हवी असेल तर डेव्हिड डीटल यांचा 'बर्लिन बाउन्सर' (२०१९) पाहा. त्यात बेर्गहाइनच्या दारावरचे, चेहऱ्यावर गोंदलेले स्वेन मार्क्वार्ट आहेत. ते पूर्व बर्लिनमध्ये भिंत पडण्याआधीपासून छायाचित्रकार होते, ही गोष्ट त्यांना घाबरणाऱ्या रांगेतल्या बहुतेकांना ठाऊक नसते.

१०. 'व्हिक्टोरिया' टेक्नोचा चित्रपट म्हणायचा की दरोड्याचा?

दोन्ही. सेबास्टियान शिपर यांचा हा २०१५चा चित्रपट एका सलग शॉटमध्ये घेतला आहे, सुमारे १४० मिनिटं, मध्ये एकही काप नाही. माद्रिदहून आलेली व्हिक्टोरिया बर्लिनच्या तळघरातल्या क्लबात एकटी नाचते आहे, तिथून सुरुवात. बाहेर पडताना चार स्थानिक पोरं भेटतात, आणि उजाडेपर्यंत बँकेवर दरोडा पडलेला असतो. छायाचित्रकार स्टुर्ला ब्रांट ग्रोव्लेन यांना बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला, हे योग्यच होतं.

माझ्या मते क्लबातली वेळ कशी वागते हे याहून नेमकं कुठल्या कथापटानं पकडलेलं नाही, आणि तेही मोजून दोनदा क्लबात जाऊन. दुसरी खेप दरोड्यानंतरची. अंगात भीती आणि कोकेन एकत्र भिनलेलं, पोरं उन्मादात नाचतात, आणि संगीत बाजूला सरून निल्स फ्रामचा पियानो वर येतो. आनंद किती खरा आणि किती रसायनाचा, हे त्यांनाही कळत नसणार.

चित्रपट सोमवारपर्यंत पोचत नाही, पहाटेवरच संपतो. पण ती पहाट पुरेशी महाग पडते.

११. 'लोला रेंट'चं काय? पूर्व जर्मनीच्या पोरांवर काही आहे का?

दोन वेगळे प्रश्न, एकत्र येतात म्हणून एकत्र घेतले.

टॉम टिक्वर यांच्या 'लोला रेंट' (१९९८) मध्ये क्लब नाही आणि नशाही जवळजवळ नाही, पण धावण्याखाली सतत टेक्नो आहे. ते संगीत टिक्वर यांनी स्वतः, जॉनी क्लिमेक आणि राइनहोल्ड हाइल यांच्यासोबत केलं. तेच चक्र तीनदा, प्रत्येक वेळी थोडा बदल, ही कथेची रचनाच टेक्नोची आहे. प्रश्न ६चं एक उत्तर इथे मिळतं: नाचणारं कुणी न दाखवताही हे जमतं.

पूर्वेकडचं पाहायचं तर आंद्रेआस ड्रेसेन यांचा 'आल्स व्हिअर ट्रॉयम्टेन' (२०१५). क्लेमेन्स मायर यांच्या कादंबरीवर, वोल्फगांग कोलहाझं यांच्या पटकथेसह. ठिकाण लाइपझिग, काळ भिंत पडल्यानंतरचा. कालपर्यंत शाळेत पायोनियरचे, म्हणजे कम्युनिस्ट सरकारच्या बालसंघटनेचे, गळपट्टे बांधणारी मुलं आज चोरलेल्या गाड्या पळवतात आणि पडक्या कारखान्यात 'ईस्टसाइड' नावाचा टेक्नो क्लब काढतात. बर्लिनच्या कथांमध्ये रिकाम्या कारखान्याला रोमांच असतो. इथे तो कारखाना ओसाड आहे कारण तो बंद पडलाय, आणि तो बंद पडल्यामुळे वस्तीतली माणसं घरी बसली आहेत. नव-नाझी टोळी येऊन मारहाण करते. मित्रांपैकी एक जण ड्रग्ज विकायला लागतो, दुसरा त्यातच संपतो. संगीत कुणाला वाचवत नाही.

१२. नशा न करणारा नायक असलेला एकही चित्रपट नाही का?

आहे, आणि तोच माझा आवडता: आर्ने फेल्डहुझेन यांचा 'मॅजिकल मिस्टरी' (२०१७), स्वेन रेगेनर यांच्या २०१३च्या कादंबरीवर.

कार्ल श्मिट हा कधीकाळचा बर्लिनचा शिल्पकार. १९८९मध्ये, भिंत उघडली त्याच सुमारास, डोक्याचा ताबा सुटून रुग्णालयात गेला. आता नव्वदचं दशक अर्ध्यावर आलंय आणि तो हॅम्बुर्गमध्ये, नशामुक्त लोकांच्या देखरेखीतल्या घरात राहतो. औषधं घेतो, मदतनीस म्हणून साफसफाईची कामं करतो, प्राण्यांना खायला घालतो. त्याचे जुने मित्र मात्र टेक्नोच्या रेकॉर्ड कंपनीवर गबर झालेत. त्यांना देशभर बसनं पार्ट्या करत फिरायचंय, आणि गाडी चालवायला शुद्धीवरचा एक माणूस हवाय. बोलावणं येतं कार्लला.

म्हणजे संपूर्ण टेक्नो जत्रा आपण कॉफी पिणाऱ्या ड्रायव्हरच्या नजरेनं पाहतो. चार्ली ह्युब्नर यांनी हा धिप्पाड, हळवा, सदैव तोल सांभाळत चाललेला माणूस असा उभा केलाय की तो बशीत बिस्किट ठेवतो तेव्हाही काळजी वाटते. नशेत असलेल्यांचं बोलणं शुद्धीतल्या माणसाला कसं ऐकू येतं याची इतकी अचूक नोंद मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तीच वाक्यं, तीच मिठी, तोच विनोद, पहाटे पाचला पुन्हा. तरीही चित्रपट त्या मित्रांची टर उडवत नाही. ते बेजबाबदार आहेत आणि कार्लला आपल्यात घेणारेही तेच आहेत. क्लब, नशा आणि मैत्री या एकमेकांत गुंतलेल्या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहायचं धाडस इथे केलंय. इथे चित्रपटभर सोमवारच आहे.

एक गंमत: २००३च्या 'हेर लेहमान' या चित्रपटात हाच कार्ल श्मिट डेटलेव्ह बुक यांनी केला होता. 'मॅजिकल मिस्टरी'त तेच बुक रेकॉर्ड कंपनीचा मालक झालेत आणि नव्या कार्लला कामावर ठेवतात.

१३. हेलेने हेगेमान यांच्यावर चोरीचा आरोप झाला होता तो याच विषयात ना?

हो. २०१०मध्ये सतरा वर्षांच्या हेगेमान यांची 'अ‍ॅक्सोलोटल रोडकिल' ही कादंबरी आली: आई वारलेली, शाळा सोडलेली सोळा वर्षांची मिफ्टी, बर्लिनच्या क्लबांत आणि नशेत. समीक्षक हरखून गेले. मग लक्षात आलं की एआयरेन हे टोपणनाव घेतलेल्या एका लेखकाच्या पुस्तकातून उतारे उचलले आहेत. पुढच्या आवृत्त्यांत श्रेय दिलं गेलं. २०१७मध्ये लेखिकेनंच त्यावर 'अ‍ॅक्सोलोटल ओव्हरकिल' हा चित्रपट केला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याच्या छायाचित्रणाला पुरस्कार मिळाला. चित्रपट पुस्तकाइतका अंगावर येत नाही, पण प्रौढांचं बेफिकीर सुखवस्तूपण त्यात छान टिपलंय. मुलगी बिघडली ती क्लबामुळे, असा सोपा निवाडा तो देत नाही.

१४. माहितीपटांत काय पाहावं?

इतिहासासाठी 'वी कॉल इट टेक्नो!' (२००८). भिंतीआधीच्या पश्चिम बर्लिनसाठी 'बी-मूव्ही' (२०१५), ज्याचा शेवट पहिल्या लव्ह परेडपाशी, म्हणजे टेक्नोच्या रस्त्यावरच्या मिरवणुकीपाशी, होतो.

नशेबद्दल प्रामाणिक बोलणं ऐकायचं असेल तर माया क्लासेन यांचा 'फायर्न' (२००६). क्लबात जाणारी आणि वाजवणारी माणसं कॅमेऱ्यासमोर बसून सांगतात: का जातो, काय घेतो, काय गमावलं. कुणी पश्चात्तापाचं नाटक करत नाही, फुशारकीही मारत नाही.

आणि रोमुआल्ड कार्माकार. '१९६ बीपीएम' (२००३), 'विलालोबोस' (२००९), 'डेंक इश आन डॉइचलांट इन डेर नाख्ट' (२०१७) यांत ते कॅमेरा एका जागी ठेवतात आणि हलवत नाहीत. डीजेचे हात, बटणं, वाट पाहणं. डीजे रिकार्डो विलालोबोस यंत्रांविषयी बोलतो आणि बोलतच राहतो. शेवटच्या चित्रपटाचं नाव हाइने या कवीच्या ओळीवरून आलंय. त्या कवितेत रात्री जर्मनीची आठवण येते आणि झोप उडते. प्रश्न ६मध्ये म्हटलं की चित्रपटाला तेवढा वेळ देणं परवडत नाही. कार्माकार देतात. कंटाळा येतो, मग कंटाळा जातो, मग काहीतरी ऐकू यायला लागतं.

१५. हे चित्रपट नशेचं उदात्तीकरण करतात का? मुलानं पाहिला तर?

सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. 'क्रिस्टियाने एफ.' भीती घालण्यासाठी होता, तरी त्यातल्या मुलीसारखे कपडे घालून त्या स्थानकावर जाणारी मुलं निघालीच. 'बर्लिन कॉलिंग'मध्ये नशेनं वेडा झालेला माणूस आहे, आणि प्रेक्षकांनी गाणं उचललं. उद्देश एक आणि परिणाम दुसरा, असं या विषयात नेहमी होतं.

पालकांना एवढंच सांगेन की मुलाशी बोलायला 'मॅजिकल मिस्टरी' सर्वांत उपयोगी. दोन पिढ्यांनी एकत्र सोफ्यावर बसून पाहायचा म्हणाल, तर 'लोला रेंट' बिनधास्त, 'अ‍ॅक्सोलोटल' अजिबात नाही.

१६. मग जर्मनीत हे कायदेशीर आहे का? पडद्यावर कुणालाच पोलिस पकडत नाहीत.

कायदेशीर नाही. एमडीएमए, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन बाळगणं, विकणं, आणणं हे अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हे आहेत. सेवन हा स्वतंत्र गुन्हा नाही, पण बाळगल्याशिवाय सेवन करणार कसं, त्यामुळे त्या फरकावर विसंबू नका. स्वतःपुरत्या अगदी थोड्या मात्रेसाठी सरकारी वकील खटला सोडून देऊ शकतो, पण ती सवलत आहे, हक्क नव्हे. भारतात १९८५च्या एनडीपीएस कायद्यानं सेवनही शिक्षापात्र आहे.

गांजाचं वेगळं: १ एप्रिल २०२४पासून प्रौढांना बाहेर २५ ग्रॅमपर्यंत बाळगता येतो. शिकायला गेलेल्यांनी ध्यानात ठेवावं की परदेशी नागरिकाला शिक्षा झाली तर निवासाच्या परवान्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

बर्लिनमध्ये जून २०२३पासून पदार्थाची मोफत, नाव न विचारता तपासणी होते, आधी समुपदेशकाशी बोलून. 'बर्लिन कॉलिंग'च्या काळात ही सोय असती तर इकारुस कदाचित गेला नसता, पण त्याचा एखादा मित्र गेला असता.

१७. लव्ह परेडमधली चेंगराचेंगरी नशेमुळे झाली होती ना?

नाही. २४ जुलै २०१०ला डुइसबुर्गमध्ये २१ तरुण माणसं मेली ती जागेच्या चुकीच्या आखणीमुळे. येणारे आणि जाणारे लोंढे एकाच बोगद्यातून आणि उतारावरून वळवले होते. 'टेक्नोवाले, नशेत असणार' हा समज तेव्हाही पसरला, आणि मृतांच्या नातेवाइकांना तो ऐकावा लागला. खटला २०१७च्या डिसेंबरात सुरू झाला आणि मे २०२०मध्ये निकालाविना थांबला. वाचलेल्या एका मुलीच्या नंतरच्या आयुष्यावर 'दास लेबेन दानाख' (२०१७) हा दूरचित्रवाणीपट आहे, मुख्य भूमिकेत येला हाझं. त्यात पार्टी नाहीच, फक्त नंतरची वर्षं.

परेडची सुरुवात किती लहान होती तेही सांगायला हवं: १ जुलै १९८९, कुरफ्युर्स्टेनडाम रस्ता, डॉ. मोटे हा डीजे आणि सुमारे दीडशे माणसं. दहा वर्षांनी परेडला पंधरा लाख जमले.

१८. यात गोव्याचा संबंध कुठे येतो? जर्मन पोरं सारखं 'गोआ पार्टी' म्हणतात.

जर्मनीत 'गोआ' हा संगीताचा एक प्रकारच झालाय. हणजुणे आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे घडलं ते परतणाऱ्या जर्मनांनी सोबत नेलं, आणि आज ब्रांडेनबुर्गच्या शेतांत रंगीत कापडं ताणून जो सायकेडेलिक ट्रान्स वाजतो त्याला ते हेच नाव देतात. फ्रँकफुर्टचा स्वेन व्हेथ त्या काळात गोव्याला येत असे. मार्कुस रॉबिन यांचा 'लास्ट हिप्पी स्टँडिंग' (२००१) हा माहितीपट गोव्यातल्या या मंडळींवर आहे, त्यात गोवा गिल हा तिथला प्रसिद्ध डीजे भेटतो. किनाऱ्यावरचा गोवेकर त्यात कडेकडेनंच दिसतो. चहा विकणाऱ्या बायका चौकटीच्या टोकाला. त्या काय पाहत होत्या याचा चित्रपट अजून कुणी केला नाही, आणि तो कोंकणीत किंवा मराठीत व्हायला हवा.

१९. क्वीअर प्रेक्षकांसाठी वेगळं काही?

बर्लिनच्या क्लबसंस्कृतीचा मोठा भाग क्वीअर लोकांनीच घडवला, तरी कथापट बराच काळ सरळ प्रेमकथांतच अडकले होते. हान्नेस हिर्श यांचा 'ड्रिफ्टर' (२०२३) पाहा. बावीस वर्षांचा मोरित्स प्रियकरासाठी बर्लिनला येतो, तो सोडून जातो, आणि मग पार्ट्या, केस भादरणं, व्यायामशाळा, नशा. हिर्श कुठेही निवाडा करत नाहीत. नशेनं मोरित्सला मित्र मिळतात आणि तीच नशा त्या मैत्रीला पोकळ करते, या दोन्ही गोष्टी एकाच पार्टीत दिसतात.

२०. मोबाइलवर पाहिलं तर चालेल का?

कथा कळेल. पण मोबाइलच्या स्पीकरला खर्जच नसतो, त्यामुळे क्लबातली दृश्यं हास्यास्पद वाटतात: माणसं टिकटिक आवाजावर घाम गाळताना दिसतात. निदान बरे हेडफोन लावा. 'व्हिक्टोरिया'च्या सुरुवातीला लखलखते दिवे आहेत. अपस्मार किंवा अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांनी पहिली काही मिनिटं पडद्याकडे न बघता ऐकावीत, काही चुकत नाही. क्रम विचाराल तर आधी 'बर्लिन कॉलिंग', मग 'व्हिक्टोरिया', मग 'मॅजिकल मिस्टरी'. कार्माकार सगळ्यात शेवटी, सुट्टीच्या दिवशी, पोटभर जेवून.